मागणारं कुणीतरी पाहिजे की

स्टाफरूमच्या टेबलावर शेंगाचटणीची बरणी दिसली, की आमच्या कॉलेजातले निम्मे प्राध्यापक तास नसतानाही वर्गाकडं निघायचे. बरणी चिनीमातीची, झाकणाखाली फडकं बांधलेली. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक. कडक भाकरीबरोबर तोंडात टाकली तर सोलापूरचा उन्हाळासुद्धा गोड वाटावा. पण खाणाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं, की आज चटणी आली म्हणजे उद्या मागणी येणार. प्राणिशास्त्राच्या महानंदा बिराजदार मॅडम आधी द्यायच्या आणि मग मागायच्या. एकदा चटणी पोटात गेली की नाही म्हणायला तोंड उरायचं नाही.

मी मराठी शिकवायचो. मराठीवाल्याकडं कुणी काय मागणार, अशा भ्रमात मी पहिली काही वर्षं निर्धास्तपणे चटणी हाणली. मग एक दिवस मॅडमनी माझं कपाट मागितलं. "सर, तुमच्या खोलीतलं कपाट सागवानी आहे की. दार कसं घट्ट बसतंय. माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या धुळीनं खराब व्हायल्यात. तुमची पुस्तकं काय, बाहेर ठेवली तरी वाचता येतात." मी कपाट दिलं. मी निवृत्त होईपर्यंत माझी पुस्तकं खिडकीच्या कट्ट्यावरच होती.

मॅडम बुटक्या होत्या आणि अंगानं भरलेल्या. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, इरकली साडीचा पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल आणि पायात कॅनव्हासचे बूट. चालणं असं, की मागून बोलावणाऱ्याला धाप लागावी. बोलताना त्या समोरच्याच्या तोंडाकडं कमी आणि हातातल्या वस्तूकडं जास्त बघायच्या. त्यामुळं ती वस्तू संध्याकाळपर्यंत आपल्याकडं राहील की नाही, अशी शंका माणसाला येऊ लागायची.

हे सगळं मागणं चालायचं ते एका प्रश्नापायी. गर्भात मेंदू घडत असतो, तेव्हा त्याच्या आत रक्तवाहिन्या शिरतात कशा? त्यांना वाट कोण दाखवतं? ह्यावर त्यांची पीएच.डी. चालली होती, आणि ती इतकी वर्षं चालली होती की शिपाईसुद्धा "मॅडम, मेंदू कुठवर आला?" असं विचारायचा. त्यावर त्या रागवायच्या नाहीत. "येतोय की," म्हणायच्या.

दरवर्षी नव्या वर्गात त्या पहिल्याच दिवशी एक प्रश्न टाकायच्या. माझा वर्ग शेजारी होता आणि मधली भिंत प्लायवूडची. माझ्या मुलांचं निम्मं लक्ष तिकडं असायचं आणि खरं सांगायचं तर माझंही.

"गाव आधी की रस्ता आधी?" मॅडम विचारायच्या.

एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "रस्ता, मॅडम. फाट्यावर आदी चाचं हॉटेल निघतंय, मग गाव वाढतंय."

त्यावर एक मुलगी ताडकन उठली. "न्हाय मॅडम, गाव आदी. आमची वस्ती करकंबच्या पल्याड हाय. घरं हायत, माणसं हायत, जनावरं हायत. रस्ता तेवडा न्हाय. आमी कवापासनं बोंबलतोय की."

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "हसू नका. हिनं बरोबर सांगितलं. हिची वस्ती म्हणजे मेंदू. सुरुवातीला मेंदूच्या आत एक पण रक्तवाहिनी नसते. बाहेरून नुसतं जाळं असतं, वेढा घातल्यासारखं. आत पेशी वाढतात, दाटी होते, त्यांना प्राणवायू पुरेना होतो. मग त्या काय करतात? बोंबलतात. तोंड नाही, म्हणून एक रसायन सोडतात. ते झिरपत झिरपत बाहेरच्या जाळ्यापर्यंत जातं. तिथली एक रक्तवाहिनी म्हणते, कोण बोलावतंय गं? तिला टोक फुटतं. टोकाला बारीक बोटं असतात. चाचपडत, हाक जिथनं मोठी येते तिकडं वळत वळत ती आत शिरते. आणि आत लांब लांब पेशींचे धागे उभे असतात, दोर लावल्यासारखे. त्यांच्या कडेकडेनं तिला वाट मिळते."

"आन मग, मॅडम?" करकंबच्या मुलीनं विचारलं. तिला बहुधा मेंदूपेक्षा वस्तीच्या रस्त्याचं पुढं काय होतं ते हवं होतं.

"मग पुरेसं रक्त आलं की पेशी म्हणते, साकु. हाक बंद. रस्ता तिथं थांबतो."

साकु म्हणजे कानडीत पुरे. वर्गातल्या अक्कलकोटकडच्या मुली ते ऐकून खूश व्हायच्या.

हा गावाचा दाखला मॅडमनी पुस्तकातून आणला नव्हता. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. गावाला रस्ता नव्हता. मॅडमचे वडील कुणी साहेब गावात आला की आधी त्याला तांब्याभर ताक द्यायचे आणि त्यानं मिशी पुसली की म्हणायचे, "साहेब, रस्ता द्या." तलाठी आला तरी रस्ता, गुरांचा डॉक्टर आला तरी रस्ता. देवी टोचायला आलेल्या माणसाकडंसुद्धा त्यांनी रस्ता मागितला होता. तो म्हणाला, "माझ्या हातात काय आहे?" तर म्हणाले, "नसू दे की. मागणारं कुणीतरी पाहिजे." शेवटी रस्ता झाला आणि त्याच रस्त्यावरून एसटीत बसून मॅडम कॉलेजला आल्या. म्हणून मागायला लाजणाऱ्या माणसाची त्यांना चीड होती. "मागायला लाजायचं नाही, सर," त्या मला म्हणायच्या. "पेशी लाजली असती तर तुम्हाला मेंदू मिळाला असता का?"

आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली आणि अंडी उबवायचं एक जुनं यंत्र. ते कपाटाएवढं, चार माणसांना न हलणारं. बाकी सगळं मॅडमनी मागून आणलेलं. रक्त तपासायच्या काचेच्या बारीक नळ्या एका दवाखान्यातून आणलेल्या. त्या स्पिरिटच्या दिव्यावर धरून ओढल्या की केसासारखी सुई व्हायची. चित्रकलेच्या सरांकडून काळी शाई. ती त्या सुईतून गर्भाच्या रक्तात फुंकली की सगळ्या रक्तवाहिन्या काळ्याभोर उमटायच्या. चिमटे सात रस्ता चौकातल्या एका घड्याळजीकडचे. ते मागायला मी बरोबर होतो. घड्याळजींनी चटणी चाखली, डोळ्याचं भिंग काढलं आणि विचारलं, "पर ये लगते काय को, मॅडम?"

"मेंदू उघडायला."

घड्याळजींनी माझ्याकडं बघितलं. "इनका?"

"ह्यांचा नाही. कोंबडीचा, आणि तोही अजून व्हायचा आहे."

त्यांनी दोन चिमटे काढून दिले आणि पुढं कित्येक महिने मी दिसलो की तब्येत विचारायचे.

तर मामला अंड्याचा होता, आणि इथंच मॅडमची खरी पंचाईत होती. घर लिंगायताचं, कडक शाकाहारी. मॅडमनी जन्मात अंडं खाल्लेलं नव्हतं. पण अंड्याची त्यांना जेवढी माहिती, तेवढी कोंबडीलासुद्धा नसेल. अंधाऱ्या खोलीत अंड्यामागं बॅटरी धरून आत काय चाललंय हे त्या सांगायच्या. अंड्याला रुपयाएवढी खिडकी पाडायची, आतलं काम करायचं, वर चिकटपट्टी लावायची आणि पुन्हा उबेला ठेवायचं, की आतला गर्भ आपला वाढतोय. अंडी यायची होटगीहून, शांताबाईंकडून. त्यांचा नवरा रेल्वेत होता आणि क्वार्टरमागं त्यांनी गावरान कोंबड्या पाळल्या होत्या.

एकदा प्राचार्यांना वाटलं, आपणही विज्ञानाला हातभार लावावा. मॅडम रजेवर असताना त्यांनी बाजारातून पांढऱ्याशुभ्र अंड्यांचे ट्रे मागवले आणि स्वतः उभं राहून यंत्रात रचून घेतले. मॅडम परत आल्या. बैठक चालू होती, बाहेरचे दोन पाहुणे बसले होते. प्राचार्य अभिमानानं म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी एक नंबरचा माल आणलाय. एकसारखा साईज."

मॅडम म्हणाल्या, "उपयोग नाही, सर. ह्यात कोंबडा नाही."

"म्हणजे?"

"पोल्ट्रीत नुसत्या कोंबड्या असतात की. कोंबडा नाही, तर पिल्लू कुठनं होणार? ही अंडी वर्षभर उबवली तरी काही होणार नाही. सर, लग्न झालंय की तुमचं."

पाहुण्यांनी पाण्याचे पेले तोंडाला लावले. यंत्रात न ठेवलेल्या ट्रेंची होस्टेलवर भुर्जी झाली. त्यानंतर कॉलेजात कुठलंही काम अडलं की कुणीतरी म्हणायचंच, "ह्यात कोंबडा नाही."

मॅडमच्या प्रयोगाचं मर्म मला कळलं ते असं. अंड्यातल्या वाढत्या गर्भाभोवती एक पातळ पडदा असतो, रक्तवाहिन्यांनी भरलेला. त्या पडद्यावर दुसऱ्या अगदी कोवळ्या गर्भाच्या मेंदूचा मोहरीएवढा तुकडा ठेवायचा. तो तिथं परका. त्याच्याकडं जायचं पडद्यातल्या रक्तवाहिन्यांना काही कारण नाही. पण त्या तुकड्यातल्या पेशी खरंच हाक मारत असतील, तर रक्तवाहिन्या आपली वाट सोडून तिकडं वळतील. आणि शेजारच्या अंड्यात मेंदूऐवजी कूर्चेचा, म्हणजे रक्तवाहिनी नसलेल्या मऊ हाडाचा तुकडा ठेवला, तर वळणार नाहीत. मॅडमच्या आधी मोठ्या मोठ्या लोकांनी हे मोठ्या मोठ्या यंत्रांनी बघितलेलं होतं. पण मॅडमना ते गावरान अंड्यात, पत्र्याखाली, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं आणि मेंदूचा कुठला भाग जास्त जोरानं बोलावतो ते शोधायचं होतं.

एका हिवाळ्यात एका अंड्यात त्यांना ते दिसलं. त्या दिवशी मॅडम माझ्या चालू तासात वर्गात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आल्या." काय आलं ते माझ्या मुलांना कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

परगावच्या गाईडनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. एका अंड्यात दिसलं त्याला कोण विचारतो, पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतंच. पुढच्या खेपा कधी यंत्र बिघडलं म्हणून, कधी बुरशी लागली म्हणून वाया गेल्या. अशी वर्षं गेली. मुदतवाढ शेवटची मिळाली, आणि तिच्याच आसपास मॅडमची निवृत्ती आली. मे महिन्यातली ती खेप शेवटची. ती साधली तर पीएच.डी., नाही तर यंत्राचं दार लावायचं आणि घरी बसायचं. मॅडम हे हसत हसत सांगायच्या, पण तेव्हा अंबाड्यातली पेन्सिल काढून उगाच टोक करत बसायच्या. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटायचं आणि ते बोलून दाखवता यायचं नाही.

तुकडे बसवून झाले. खिडक्या बंद करून अंडी यंत्रात गेली. आणि दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

सुट्टी लागलेली, दुरुस्तीची कुणाला घाई नाही. पत्र्याखाली भट्टी झालेली. अंड्याला माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागते. त्याहून चार अंश जास्त झाली तर आतला जीव संपला, आणि पहाटे गार पडलं तरी संपला. मॅडम टोपलीत ओली फडकी घालून, पाडलेली खिडकी वरच्या अंगाला राहील अशी अंडी रचत होत्या आणि मी वारा घालत होतो. त्यांनी तासाभरात सगळं गाव मागून बघितलं. रक्तपेढीत ऊब राखायचं यंत्र असेल म्हणून फोन केला, तर पलीकडचा माणूस "अंडी? रक्तपेढीत?" असं म्हणून हसत सुटला. माझं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब तापून पाय ठेववत नाही. मी भीतभीत म्हटलं, "मॅडम, फ्रिज?" त्यांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मला अजून आठवतं.

शेवटी त्याच म्हणाल्या, "चटकन तापायची पण नाही आणि चटकन निवायची पण नाही, अशी जागा पाहिजे. ज्वारी. कोठीभर ज्वारी. एकदा अंगाइतकी ऊन झाली की दिवसभर हलत नाही."

"मग कुणाकडं आहे?"

"घरी आहे की. अव्वाची."

अव्वा म्हणजे मॅडमच्या सासूबाई. मॅडमचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बेंगळुरूला. विजापूर रोडच्या मागं, बैठ्या घरात ह्या दोघी राहायच्या. अव्वा कपाळभर विभूतीचे पट्टे ओढणाऱ्या, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या. सून मेंदूवर काम करते एवढंच त्यांना माहीत. ती मोठी डॉक्टर आहे असं त्या गल्लीत सांगायच्या. अंड्याचं नावसुद्धा त्या घरात कधी निघालेलं नव्हतं. सगळ्या सोलापूरकडं मागून झालेल्या ह्या बाईनं घरात मात्र कधी काही मागितलं नव्हतं.

रिक्षात एक टोपली माझ्या मांडीवर, एक त्यांच्या. रिक्षावाल्याला दर खड्ड्याला माझ्या तोंडून देवाचं नाव ऐकू येत होतं. दारात उतरल्यावर मॅडम पायरीवर थांबूनच राहिल्या.

मी म्हटलं, "मागा की, मॅडम. मागायला लाजायचं नाही."

"काय देऊन मागू, सर?" त्या म्हणाल्या. "चटणी पण अव्वाचीच आहे."

अव्वा सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. टोपल्यांकडं बघून म्हणाल्या, "येनिदु?" म्हणजे काय हे?

मॅडमनी एका दमात सांगून टाकलं. "अंडी आहेत, अव्वा. कोंबडीची."

शेंगा फोडणं थांबलं. "खायाला?"

"नाही अव्वा. आत मेंदू तयार व्हायलाय. त्यात रक्त कसं येतंय ते बघायचं आहे. कॉलेजात वीज गेली. तुमची ज्वारी पाहिजे, दोन दिवस. आता हे गेलं तर माझं सगळंच गेलं."

"आतलं पिल्लू जगतंय का मागनं?"

खोटं बोला, असं मी मनात म्हणत होतो. हो म्हणायला काय जातं? पण मॅडम म्हणाल्या, "नाही, अव्वा. मी बघितल्यावर नाही जगत."

मी टोपली घेऊन उभा, घाम डोळ्यांत उतरतोय आणि पुसायला हात मोकळा नाही. मग अव्वांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"कवापासनं चाललंय हे?"

"लई वर्षं झाली."

"तरीच. दोघींच्या घरात एवढी चटणी कुटं जाते, मला कळत न्हाई व्हय? मला वाटायचं, लेकरांना वाटत असशील. साऱ्या गावाला माझी चटणी देऊन मागत फिरलीस. मला मागायला काय झालं तुला? केळ्बेकल्ला!"

मागायला नको का, असा त्याचा अर्थ. मला कानडी येत नाही, पण तेवढं कळलं. मॅडमना तर रडूच फुटलं. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो आणि टोपली कुठं ठेवू, हे विचारायची सोय नव्हती.

अव्वांनी अटी घातल्या. घरात त्या वस्तूचं नाव काढायचं नाही, फळं म्हणायचं. ज्वारी परत कोठीत यायची नाही, पाखरांना घालायची. आणि तिसरी अट त्यांनी सुनेचा हात धरून सांगितली. "एक सोड. एकाला हात लावू नकोस. ते बाहेर येऊ दे." अशी एक-दोन न उघडलेली अंडी खेपेत होतीच. मॅडमनी त्यातलं एक अव्वांच्या हातात दिलं. अव्वांनी ते पदरात घेतलं, आणि मग मात्र लगेच हात धुऊन आल्या.

पुढचे दोन दिवस त्या घरात ज्वारीची जी सेवा झाली, ती जावयाचीही होत नाही. अंगणात ऊन करायची, हातानं बघायची, घंगाळात भरायची, तीत फळं रोवायची, वरून अव्वांच्या अंथरुणातली सोलापुरी चादर. ताप बघायचा थर्मामीटर ज्वारीत खोचलेला. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अव्वा, ज्वारीला ताप आलाय का ओ?" अव्वांनी थर्मामीटर उन्हात धरून बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "उतरलाय आता."

वीज आली त्या दिवशी आम्ही अंडी परत नेली. काही दगावली होती. उरलेल्यांतलं पहिलं मॅडमनी उघडलं, शाई फुंकली, भिंगाखाली ठेवलं आणि डोळा लावला. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. मग त्या स्टुलावरून उठल्या आणि मला बसवलं.

"सर, सात रस्ता."

मी बघितलं. मध्ये मोहरीएवढा पांढुरका ठिपका होता आणि चहूबाजूंनी काळ्या बारीक रेघा त्याच्याकडं वळलेल्या. काही तर सरळ पुढं चाललेल्या, मध्येच काहीतरी ऐकल्यासारख्या मुरडून मागं आलेल्या. शेजारच्या अंड्यात कूर्चेचा तुकडा तसाच एकटा पडला होता आणि रस्ते त्याला वळसा घालून निघून गेले होते. माझ्याही डोक्यात कधीतरी, मला नाव पडायच्या आधी, कुणीतरी अशी हाक मारली होती आणि कुणीतरी ओ दिली होती, एवढंच मनात येत राहिलं. दुसरं अंडं, तिसरं, जेवढी मेंदूची होती त्या सगळ्यांत रस्ते वळलेले. मॅडम दरवेळी "आल्या" म्हणायच्या आणि मी टाळ्या वाजवायचो.

पुढं काही दिवस मला आम्लेट गेलं नाही. मॅडमनी समजूत घातली, "खा की सर. तुमच्या अंड्यात कोंबडा नाही."

अव्वांच्या अंड्यात मात्र होता. मॅडमनी ते न उघडता यंत्रातच ठेवलं, त्यातून पिल्लू निघालं आणि त्याचा यथावकाश तुरेबाज कोंबडा झाला. अव्वांनी त्याचं नाव गुंडप्पा ठेवलं. लिंगायताच्या घरात पहाटे कोंबडा आरवतो म्हणून गल्लीत कुजबूज झाली. अव्वा म्हणाल्या, "पाळलाय. कापला न्हाई." तो त्यांच्या तळहातावरून ज्वारी खायचा आणि पूजेच्या वेळी उंबऱ्याबाहेर थांबायचा. बाकी वेळी कुणाचं ऐकायचा नाही.

मॅडमना पीएच.डी. मिळाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, विजेशिवाय इतकी स्थिर ऊब राखली कशी? मॅडम म्हणाल्या, "मालदांडी ज्वारी, सर. आणि सासूबाई." परीक्षकांना चटणीची बरणी मिळाली ती निकाल जाहीर झाल्यावर. एवढं तारतम्य मॅडमना होतं.

निवृत्तीनंतर मुलगा दोघींना बेंगळुरूला घेऊन गेला. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या दारात रिक्षा थांबली. माझं घर सात रस्त्याला लागूनच. अव्वा आत बसलेल्या आणि त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला गुंडप्पा, नुसती मान बाहेर. होटगीला शांताबाईंकडं त्याची सोय केली होती. मॅडम भराभर जिना चढून आल्या आणि चटणीची बरणी माझ्या हातात ठेवली.

सवयीनं मी विचारलं, "काय पाहिजे, मॅडम?"

"काही नाही."

"असं कसं? बरणी आहे म्हणजे काहीतरी असणारच. मागा की."

त्या हसल्या. घराकडं, माझ्याकडं, घरातल्याही खिडकीत रचलेल्या पुस्तकांकडं बघितलं. "साकु, सर," म्हणाल्या, आणि आल्या तशा उतरून गेल्या.

मी बरणी घेऊन गॅलरीत उभा राहिलो. रिक्षा चौकात जाऊन सिग्नलला थांबली होती. सातही बाजूंनी गाड्यांची झुंबड, हॉर्नचा गोंगाट. एवढ्यात रिक्षातून मॅडमचं अर्धं अंग बाहेर आलं. एका हातानं अंबाडा धरलेला, दुसरा हात माझ्याकडं करून त्या सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "सर! बरणी तेवढी परत पाहिजे हां! अव्वाची आहे ती!" मागून गुंडप्पा आरवला आणि रिक्षा होटगीच्या दिशेनं वळली.

चटणी आठवड्यात संपली. बरणी मी धुऊन, पुसून, फळीवर ठेवली आहे. मॅडमचा अधूनमधून बेंगळुरूहून फोन येतो, अव्वांची, नातवांची हकीकत होते आणि शेवटी त्या विचारतातच, "सर, बरणी?" बेंगळुरूला जाणारे ओळखीचे लोक पुष्कळ आहेत. कुणाच्याही हाती पाठवता येईल. पण मी दरवेळी सांगतो, "विसरलो की, मॅडम. पुढच्या वेळी आठवण करा."